दातांचा फोटो आणि गालाची काच

"डॉक्टर, या फोटोनं काही होते का?" असं कुणी विचारलं की आमचे दातांचे डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवत आणि शांतपणे म्हणत, "होते. थोडंसं होते."

आता तुम्हीच सांगा, धंदा करणारा माणूस असं बोलतो का? माझं भांड्यांचं दुकान त्यांच्या दवाखान्याला लागून. पाणी भरायचा पितळेचा गुंड घ्यायला आलेल्या बाईला मी कधी म्हटलं का, की बाई, हा थोडासा गळतो?

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भंडाऱ्यात दातांचा एक्स-रे म्हणजे तेव्हा मोठं नवल. जवाहरनगरच्या फॅक्टरीतले लोक दात दुखत नसला तरी "एक फोटो काढून द्या" म्हणत. डॉक्टर गरजेशिवाय काढत नसत. काढलाच, तर आठवड्यानं पुन्हा बोलवत. लाकडी पट्टीनं गाल आतून हलकेच खरवडायचा, ते काचेवर पसरायचं, वर रंग घालायचा आणि सूक्ष्मदर्शकाच्या दुर्बिणीला डोळा लावून बसायचं. किरणांनी गालाच्या पेशींचं काय होतं, ते त्यांना स्वतः पाहायचं होतं. माझी दाढ दुखली तेव्हा माझाही फोटो काढला, गाल खरवडला. मला नुसत्या गुदगुल्या.

लोकांनी मात्र सरळ अर्थ लावला. परत बोलावतो, म्हणजे काहीतरी बिघडलंच! "त्या उजेडानं गाल सडते म्हनते," असं बाजारभर झालं आणि दवाखान्यातली खुर्ची रिकामी राहू लागली.

मी चिडलो. "अहो, काही होत नाही म्हणा न् मोकळे व्हा!"

"कसं म्हणू? काही पेशी मेलेल्या दिसून राहिल्या मले."

"मग लावा दवाखान्याला कुलूप!"

ते हसले. असा राग यायचा त्यांच्या हसण्याचा!

अशात करडी गावचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. तिचा जबडा सुजून डोळा मिटलेला. पू कोणत्या दाताखाली साचला ते फोटोशिवाय कळत नव्हतं, आणि उशीर झाला तर सूज गळ्यात उतरेल, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण नवरा ऐकेना.

"फोटो नाई काढाचा! काहून तिचा गाल सडवता?"

आरडाओरडा ऐकून मी धावलो. डॉक्टरांनी वाद घातलाच नाही. त्याला दुर्बिणीपाशी नेलं. "हा या भांडेवाल्या भाऊंचा गाल, फोटो काढल्यानंतरचा. या चार-दोन मेलेल्या दिसतात? त्या गळून जातात, खालून नव्या येतात. आता तुमचा द्या."

तंबाखूची चिमूट तो जिथं ठेवायचा, नेमका तिथलाच गाल त्यांनी खरवडला. त्यानं दुर्बिणीत पाहिलं आणि पाहतच राहिला.

"हे काय जी? साऱ्या इस्कटल्यावानी!"

"तुमचा तर फोटोही काढला नाही, भाऊ."

तो बाहेर गेला, नालीत थुंकला, खळखळून चूळ भरली आणि आत येऊन म्हणाला, "काढा तिचा."

त्याच दुपारी दात निघाला, पू निघाला. सूज उतरल्यावर ती बाई पुन्हा दाखवायला आली तेव्हा नवऱ्याकडे बोट करून म्हणाली, "माहा गाल बरा हाय, डॉक्टर. यायचाच पाहत जा!" आम्ही पोट धरून हसलो. अभिमान वाटला मला डॉक्टरांचा, खोटं कशाला बोलू?

मग तिचा नवरा बाजाराला आला की गाल दाखवून जायचा. तंबाखू सुटता सुटत नव्हती. डॉक्टर रागवत नसत, काच दाखवत.

एका उन्हाळ्यात डॉक्टर झोपेतच गेले. करडीला कोण कळवणार? महिनाभरानं तो आला तर दवाखाना बंद. मी सांगितलं तसा माझ्या दुकानाच्या पायरीवर बसला.

"तंबाखू सोडली जी मी," म्हणाला. "तेच दाखवाले आलतो. आता कोन पाहीन माहा गाल?"

मला काय कळतं त्यातलं? पण मी उठलो, त्याला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि त्याचा गाल नीट पाहिला.