चोथ्याचा झुणका

आमच्या घरी चहा प्यायचा नसे, जेवायचा असे.

म्हणजे प्यायचे एकटे बाबा. जेवायचो आम्ही सगळे. तेव्हा आम्ही नंदनवन नावाच्या वस्तीत राहायचो, बाबा शाळेत मास्तर होते, आणि दर हिवाळ्यात तिथल्या बुद्धविहारात एक जपानी भन्तेजी मुक्कामाला यायचे. बाबा त्यांना सायकलवर डबलसीट बसवून सीताबर्डी दाखवून आणत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे मैत्री फार घट्ट होती. एका वर्षी जाताना भन्तेजींनी हिरव्या चहाचा एक डबा बाबांच्या हातात ठेवला. स्वतः एक कप करून प्यायले, तळाशी उरलेली पानं बोटांनी उचलून खाल्ली आणि समाधानाने पोटावर हात फिरवला.

झालं! बाबांना तेवढंच हवं होतं. काटोलची संत्री आली की त्यांच्या सालीसुद्धा वाळवून ठेवणारा माणूस तो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा प्यायला आणि पातेल्यातला चोथा आईपुढे धरला.

“फेकू नको वं. झुणक्यात टाक.”

आईने टाकला. संध्याकाळी आम्ही भावंडं ताटाकडे बघत बसलो. बाबांनी विचारलं, “कसा झाला?”

आई म्हणाली, “चांगला झाला.”

या दोन शब्दांनी आमचा घात केला. पुढे तो चोथा वरणात आला, भज्यांत आला, ठेच्यात आला. (त्या वर्षी आम्हा भावंडांना रात्री झोप येईना. पोरं अभ्यासाला लागली, असं बाबा सगळ्यांना सांगत.) मी एकदा माझ्या वाटणीचा झुणका गुपचूप शेजारच्या शेळीपुढे ठेवला. शेळीने हुंगला आणि तोंड फिरवलं. शेळीने! आई मात्र रोज ताट स्वच्छ करायची आणि रोज तेच दोन शब्द बोलायची. मग हिवाळा आला की बाबा खुशीत येऊन भन्तेजींना खुणेने सांगायचे की पुढच्या वर्षी डबा मोठा आणा. ते आणायचेही.

मी कॉलेजात असताना, ऐन उन्हाळ्यात, बाबा गेले. सकाळचा चहा प्यायले, जरा पडतो म्हणाले, आणि उठलेच नाहीत.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारच्या बाया डबे घेऊन यायच्या, आणि आई ते डबे तसेच परत पाठवायची. बोलणंही बंद. भिंतीला टेकून बसायची, पाणी दिलं तर प्यायची. तिचा चेहरा दिवसेंदिवस लहान होत चालला होता. बाबा तर गेलेच होते, आता आईही जाणार, असं मला वाटायला लागलं. चूल पेटवायची परवानगी झाली त्या दिवशी मी ठरवलं, बाबांचा झुणका करायचा. ती दुसरं काही नाही खाणार, पण तो खाईल. तिला आवडायचाच की.

एवढी वर्षं तो झुणका चुकवण्यात माझी सगळी बुद्धी खर्च झाली होती, तो कसा करतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी डबा उघडला, कोरड्या पानांची चांगली मूठ भरली आणि बेसनात सोडली. झुणका हिरवा झाला, मग काळा झाला. मी ताट वाढून आईपुढे ठेवलं.

“आई, एक घास खा. बाबांचा झुणका आहे.”

तिने माझ्याकडे पाहिलं, घास घेतला. चावता चावता थांबली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली.

“ताजी पत्ती टाकली का वं तू?”

“हो.”

“बिन उकळलेली?”

“...हो.”

“अवं, आधी चहा करा लागते, मंग चोथा. ते असते तर त्याईनं काय म्हटलं असतं? सारी पत्ती वाया घालवून राहिली. सरक.”

आणि माझी आई उठली. भिंत सोडून, पदर खोचून चुलीपाशी बसली. पाणी ठेवलं, पत्ती टाकली, चहा गाळला. तो कपभर चहा ओतून देणं शक्य नव्हतं म्हणून प्यायली. चोथ्याचा झुणका केला. केलेलं फेकणं शक्य नव्हतं म्हणून भाकरीशी खाल्ला. मी बाजूला बसून रडत होते. (दुःख होतंच, पण माझा काळा झुणकाही फेकणं शक्य नव्हतं आणि तो माझ्या ताटात होता.)

तेवढ्यात बाबांचे मित्र मेश्राम काका आले. आईला जेवताना पाहून त्यांचे डोळे भरून आले.

“खा वहिनी, खा. तुमच्या आवडीचाच हाये.”

आई म्हणाली, “मले कुठं आवडते भाऊ? मले तर पहिल्या दिवसापासून कडू लागते. त्याईले वाईट वाटू नये म्हणून खात होती.”

काका बघतच राहिले. “काय सांगता? तो तर मले म्हणे, मले कडू लागते गा, पण बाई आवडीनं खाते, बंद कसं करू.”

आईचा हात ताटातच थांबला. मग ती हसायला लागली. हसता हसता पदर तोंडाला लावला, आणि बाबा गेल्यापासून जे रडली नव्हती ते सगळं त्या दिवशी रडली. मग हात धुऊन आली आणि उरलेला घास खाल्ला.

आता आई नाही, मेश्राम काकाही नाहीत. हिरवा चहा मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि डॉक्टरांनी मला तो प्यायला सांगितला आहे. चोथा काही माझ्याच्याने फेकवेना. एक दिवस झुणक्यात घातला. नवऱ्याने पहिला घास घेतला, जरा थांबला आणि म्हणाला, “चांगला झाला.”

तेव्हापासून रोज करते. मला कडूच लागतो. पण माणूस आवडीने खातो, बंद कसा करू?