पाटीवरची उघडी ओळ

मेधा गेल्याचा फोन मीच उचलला. सकाळचे अकरा वाजले होते, मी कोलंबी सोलत होते. तुमची सून ऑफिसच्या जिन्यात कोसळली, म्हणाले... हृदय बंद पडलं. वय एक्केचाळीस. त्याला दीड महिना झाला. रडून झालं, आता लिहिते. मी चौथी पास, शोभेचे शब्द माझ्याकडे नाहीत.

मोठमोठ्या संगणकांची देखभाल हे तिचं काम. लग्न होऊन बोरीवलीच्या आमच्या घरात आली त्याच आठवड्यात तिने फ्रिजशेजारी पाटी टांगली. काहीही करायच्या आधी पाटीवर लिहायचं, झालं की समोर खूण. 'गॅस लावायचा.' 'आईंची बीपीची गोळी आणायची.' मी म्हटलं, "अगं, श्वास घ्यायचाय तेही लिही." ती हसली. "लिहिलेलं असलं की विसरलं तरी हरवत नाही, आई."

तिची ताकद मी एकदाच डोळ्यांनी पाहिली. दुपारी आम्ही दोघी जेवत होतो आणि फोन आला. एका हॉस्पिटलचा संगणक बंद पडला होता. कुणाला कुठलं औषध दिलं, कुणाचा रक्तगट काय, सगळं आत अडकलेलं. डाव्या हाताने तिने लॅपटॉप ओढला.

"काय गं, मेली का तुझी मशीन?"

"मेली नाही, पोट भरलंय तिचं."

काम करता करताच तिने मला सांगितलं. संगणकही आधी लिहितो, मग करतो. वीज गेली तर त्या नोंदींवरूनच सगळं परत उभं राहतं. नोंदींची प्रत दुसरीकडे ठेवायची आणि मग जुन्या पुसायच्या. इथे त्या पुसल्याच जात नव्हत्या. जागा संपली, लिहिता येईना, म्हणून मशीनने कामच नाकारलं.

फोनवरचा माणूस घायकुतीला आला होता. "मॅडम, ती नोंदींची फाइलच उडवतो ना, जागा होईल."

"हात लावायचा नाही! सकाळपासूनचे पेशंट आहेत त्यात!"

एवढा चढा आवाज तिने घरात कधी काढला नव्हता. मग अर्धा तास ती शोधत राहिली. ताटातला भात सुकला. शेवटी सापडलं... कुणीतरी आदल्या दिवशी एक काम अर्धवट उघडं टाकून घरी गेला होता. ते मिटेपर्यंत त्याच्यानंतरची एकही नोंद पुसता येत नाही. तिने ते काम बंद केलं, नोंदींची प्रत दुसरीकडे उतरवली, मगच जागा मोकळी केली. संगणक चालू झाला. एकाही पेशंटची एकही नोंद हरवली नाही. मी मालवणला वादळातून होडी परत आणणारी माणसं पाहिली आहेत. किनाऱ्याला लागली की तीही काही झालंच नाही अशी जाळी आवरायला घेतात. हिने त्याच हातांनी तो गार भात कालवला आणि लोणचं मागितलं.

परवा पाटी भरली. मुलगा फडकं घेऊन आला. "आई, जागा नाही, पुसतो."

"हात लावू नकोस."

आधी एकेक ओळ मी वहीत उतरवून घेतली. वरच्या कोपऱ्यात तिच्या बारीक अक्षरात होतं, 'माझा ईसीजी काढायचा.' समोर खूण नाही. ती जायच्या आधी दोन महिने मी त्या ओळीखाली उभी राहून गोळी घेत होते. मला वाचता येतं. मी विचारलं नाही.

बाकीची पाटी मी पुसली. ती ओळ तशीच आहे. ते काम आता कुणाला बंद करता येणार नाही. उरलेल्या जागेत आम्ही दूध लिहितो, गोळी लिहितो.