मुकादमबाईंची शनिवारची हजेरी

"जय भीम, ताट दाखवा."

दर शनिवारी सकाळी अकरा वाजता मुकादमबाई स्क्रीनवर उगवायच्या त्या या वाक्यासकट. नमस्कार-चमत्कार, हवापाणी, तुमच्या गावात कोरोना किती, असली चैन नाही. आम्ही पाच जण निमूटपणे आपापल्या वाट्या कॅमेऱ्यासमोर धरायचो. बाई चष्मा नाकावर ओढून तपासणी करायच्या. "जोशीबुवा, मूग दिसले. खाली काय दडवलंय? चमचा घाला." जोशीबुवा मास्ट्रिख्टला एका डच विद्यापीठात संशोधक, मोठमोठ्या परिषदांत बोलणारा माणूस, पण इथे मुकाट्यानं चमचा घालायचे आणि मुगाखालून शेव निघायची.

मुकादम हे आम्ही पाठीमागे ठेवलेलं नाव, तोंडावर ताई. मूळच्या नागपूरच्या. ब्रेडाला एका मालवाहतूक कंपनीत सॉफ्टवेअर सांभाळायच्या आणि एकट्याच राहायच्या. आम्हा सगळ्यांसारखंच त्यांनीही ऑपरेशन करून पोट लहान करून घेतलं होतं, फक्त आमच्याआधी तीन वर्षं. त्या ज्येष्ठतेवर त्या आमच्यावर राज्य करत.

ऑपरेशननंतर खाण्यावर ताबा ठेवायला हा मराठी गट काढायची वेळ का आली, तर हॉस्पिटलनं दिलेला डच गट आम्हाला पचेना. तिथे एक उंचीपुरी बाई डोळ्यांत पाणी आणून सांगायची की काल तिनं दोन बिस्किटं खाल्ली. दोन! आमच्याकडे एवढ्यानं चहासुद्धा सुरू होत नाही. समुपदेशक मला म्हणाली, "नको म्हटलं की विषय संपतो ना?" अहो बाई, आमच्यात नको म्हटल्यावरच तर विषय सुरू होतो! माझ्या सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर माझी वाटी बघून पदर डोळ्यांना लावायच्या, हे मी तिला कुठल्या डचमध्ये सांगणार?

मुकादमबाईंचं लाडकं वाक्य होतं, "डॉक्टरनं पोट कापलं, जीभ तेवढीच आहे." ऑपरेशननंतर सगळं आपोआप होईल, असं समजून आलेल्या नव्या माणसाच्या उत्साहावर त्या हे गार पाणी पहिल्याच दिवशी ओतायच्या. माणूस दचकायचा, पण पुढच्या शनिवारी परत यायचा.

त्यांची खरी करामत दुसऱ्या प्रश्नात होती. काय खाल्लं, हे त्या विचारतच नसत. "त्याचं उत्तर सगळे खोटं देतात. कुठं बसून खाल्लं, ते सांगा." आता हा काय प्रश्न झाला? पण माणूस गडबडायचा. आमच्यातला एक गृहस्थ तर पार्क केलेल्या गाडीत असं म्हणाला आणि हमसून हमसून रडला. माझी पाळी आली की मी छातीठोकपणे सांगायचे, "डायनिंग टेबलवर." मग बाई नुसत्या बघत राहायच्या. "काहून गं, टेबल म्हणताना आवाज बारीक होतो तुझा?" चोराच्या मनात चांदणं. हूफडॉर्पच्या आमच्या घरात माळ्यावर वॉशिंग मशीन आहे, त्यामागे कंडेन्स्ड मिल्कचे डबे होते. पातळ गोड पदार्थ लहान केलेल्या पोटातूनही सुर्रकन उतरतो, हे शहाणपण मला कुणी शिकवावं लागलं नाही. कपडे धुण्याची माझी आवड बघून नवरा धन्य झाला होता, हे मी गटात कौतुकानं सांगतही असे.

असं वर्ष गेलं. मग दुसऱ्या लाटेत नागपूरला मुकादमबाईंची आई गेली. विमानं बंद. बाईंनी अंत्यविधी फोनवर पाहिला. त्या शनिवारी त्या आल्या नाहीत, एका ओळीचा निरोप तेवढा आला.

आता दुःखाच्या घरी मराठी माणूस काय करतो? डबा नेतो. चूल पेटलेली नसते, शेजारपाजार वरण-भात पोचवतो. शेकडो वर्षांचं वळण आहे. आम्ही पाचही जणांनी, एकमेकांना न विचारता, तेच केलं. जोशीबुवांनी देशाच्या पार टोकाकडून साबुदाण्याची खीर आणली. मी पिठलं-भात तर केलाच, वर बेसनाचे लाडू वळले, का तर तोंड कडू झालं असेल बिचारीचं. चांगले एकवीस! खाण्याच्या व्यसनातून महत्प्रयासानं बाहेर आलेल्या, चार चमच्यांत पोट भरणाऱ्या, बंद घरात एकट्या रडणाऱ्या बाईच्या दारात आम्ही खाण्याच्या व्यसनमुक्तीचे पाच विद्यार्थी डबे ठेवून आलो. बेल वाजवायची, दीड मीटर मागे सरायचं, काचेतून हात हलवायचा, की झालं सांत्वन. परतताना गाडीत मला फार बरं वाटत होतं, हे सांगायला आज लाज वाटते.

पुढचे दोन शनिवार बाईंचा पत्ता नाही. फोन उचलेनात. तिसऱ्या शनिवारी मी उठले आणि तडक ब्रेडा गाठलं.

दार उघडलं. चेहरा सुजलेला. आत वळल्याही नाहीत, उंबऱ्यातच बसल्या. मी समोर फुटपाथवर बसले.

"संपवलं सगळं," त्या म्हणाल्या. "चार दिवसांत. जिन्यावर बसून. उलटी व्हायची, परत खायची. तुझे लाडूही. एकवीस होते."

"ताई, चुकलं आमचं—"

"तुम्ही पाच जण आलात. पाच! एकानं तरी विचारलं का, आई कशी होती तुझी?"

मी तरी कुठे विचारलं होतं? काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून लाडू वळले होते. जन्मभर हेच केलं: जिथे शब्द हवा तिथे घास ठेवला, दुसऱ्याच्या आणि स्वतःच्याही तोंडात. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या दुःखात मी काहीही न घेता गेले होते आणि हातांचं काय करावं, हे मला कळत नव्हतं.

मी विचारलं, "कशी होती आई?"

दोन तास त्या बोलल्या. आई शाळेत शिपाई होती, तिला शिट्टी वाजवता यायची, एकदा मुख्याध्यापकांवर वाजवली, हे सांगताना बाई हसल्या आणि मग मोठ्यानं रडल्या. समोरून सायकलवर जाणाऱ्या डच आजीनं वेग कमी केला. मीही रडत होते. मध्येच मी म्हणाले, "ताई, मी माळ्यावर खाते. वॉशिंग मशीनमागे." त्या नाक पुसत म्हणाल्या, "ठाऊक आहे. रोज कोण कपडे धुतं?"

पुढच्या शनिवारी त्या आल्या आणि सगळ्यात आधी स्वतःचा जिना कॅमेऱ्यात दाखवला. जोशीबुवांनी चष्मा काढला तो बराच वेळ घातला नाही. त्यानंतर आमचा गट खरा सुरू झाला असं मी मानते; आधीचं वर्ष म्हणजे नुसती वाट्यांची परेड होती. माझे डबे मी नवऱ्यासमोर ओतून दिले. पुढे दोनदा घसरले, दोन्ही वेळा ब्रेडाला फोन केला, दोन्ही वेळा उचलला गेला.

विमानं सुरू झाल्यावर बाई नोकरी सोडून नागपूरला निघाल्या. वडील एकटे पडले होते. मी स्किपोल विमानतळावर गेले. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातात दशम्या नाही, चिवडा नाही, वड्या नाहीत. माझ्या सासरच्यांनी ऐकलं असतं तर घटस्फोटच मागितला असता.

बाईंनी माझ्या पर्सकडे संशयानं पाहिलं. "काही आणलं नाहीस ना?"

"नाही."

"मग बोल काहीतरी."

मी म्हणाले, "ताई, तुम्ही गेल्यावर मला फार एकटं वाटणार आहे."

दीड मीटरचा नियम अजून लागू होता. बाईंनी तो मोडला. आम्ही चेक-इनच्या रांगेसमोर एकमेकींना धरून उभ्या राहिलो, दोघींचे मास्क भिजून गेले. ओल्या मास्कमधून श्वास घेता येत नाही, पण आम्ही दोघींनीही काढला नाही.