शंकाआप्पांचा पासवर्ड

मराठीतलं 'झालं' आणि कानडीतलं 'आयतु', या दोन शब्दांवर आप्पांचा काडीचा विश्वास नव्हता. बेळगावच्या आमच्या विद्यापीठाच्या संगणक केंद्रात आम्ही संशोधक विद्यार्थी आपापली माहिती ठेवायचो आणि ती सांभाळायचं काम आप्पांकडे होतं. बेंगळुरूहून आलेला इंजिनियर "बॅकअप आयतु" म्हणाला की आप्पा खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसत. "झाला न्हवं? मग त्यातली एक फाईल उघडून दाखवा बघू. कुठली ते मी सांगतो." इंजिनियर वैतागायचा. आप्पा हलायचे नाहीत. पाठीमागं आम्ही त्यांना शंकाआप्पा म्हणत असू, आणि ते त्यांना ठाऊक असावं.

दर सोमवारी त्यांची सूचनेची मेल यायची. बाकीच्या कार्यालयांची पत्रकं कुणी वाचत नसे, आप्पांची मात्र वाचली जायची. 'उद्या दुपारी दोन ते चार सर्व्हर बंद राहील. चार म्हणजे साडेपाच धरा. या मेलमध्ये कुणाचाही पासवर्ड मागितलेला नाही. मागितलेला दिसला तर ही मेल माझी नव्हे.' कुणी फोन करून आपलं खातं उघडून द्या म्हटलं की ते त्याला केंद्रात बोलावून ओळखपत्र बघत. तीन वर्षं रोज दिसणारा माणूस असला तरी बघत.

मी निपाणीची. माझी आई तंबाखूच्या वखारीत काम करायची आणि माझा प्रबंधही वखारीतल्या बायकांवरच होता. बारा बायकांनी माझ्यापाशी तोंड उघडलं होतं. मुकादमानं काय केलं, कुणाला काय सोसावं लागलं, हे त्यांनी घरातसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं ते एका अटीवर, की हे दुसऱ्या कुणाच्या कानावर जाणार नाही. ते सगळं ध्वनिमुद्रण केंद्रातल्या सर्व्हरवर ठेवायचं होतं, म्हणून मी आप्पांना सरळच विचारलं, "माझ्या फायली तुम्हाला दिसतात का?"

"दिसतात की. मला सगळ्यांचं सगळं दिसतंय," ते म्हणाले. "म्हणून तर माझ्यावर विश्वास ठेवायचा न्हाय."

मग त्यांनी दोन दुपारी खर्चून मला शिकवलं. आवाजाच्या फायलींना आणि नावांच्या यादीला वेगळं कुलूप कसं घालायचं, ते कुलूप त्यांनाही उघडता येणार नाही असं कसं करायचं, आणि आपलं फोल्डर कुणी, केव्हा उघडलं याची नोंद कुठं बघायची. "दर आठवड्याला बघायची," ते म्हणाले. "मी हाय म्हणून निवांत राहायचं न्हाय." मी कुलूप लावत असताना ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मी दर आठवड्याला नोंद बघू लागले. वर्षभर तिथं माझ्याशिवाय कुणाचं नाव नव्हतं. एकदा पावसाळ्याच्या शेवटी निपाणीहून आठवड्यानं परतून बघते तर माझं फोल्डर ओळीनं चार दिवस उघडलं गेलेलं, आणि चारही वेळा नाव आप्पांचं.

पुढचे दोन दिवस मी त्यांच्यावर पाळत ठेवली. ते पिशवीत काय घालून नेतात, मी आत आले की पडदा बदलतात का, हे बघत राहिले. एवढं शिकवलं ते माझा विश्वास बसावा म्हणूनच असेल, असंही मनात आलं. त्यांना विचारायचं धाडस काही झालं नाही. मी कुलसचिवांकडे लेखी अर्ज दिला आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली.

चौकशी लागली. पहिल्याच दिवशी आप्पांनी केंद्राच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, स्वतःचं खातं बंद करून घेतलं आणि चौकशी होईतोवर बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आम्ही येता-जाता त्यांच्यासमोरून जायचो. मी मान खाली घालून जायची.

निकाल लागला तो त्यांनीच दिलेल्या माहितीवरून. त्या चार दिवसांत ते बेळगावात नव्हतेच. जांबोटीला त्यांची आई अखेरच्या घटका मोजत होती. तेव्हा केंद्रप्रमुखांनी फोन करून, तातडीचं काम अडलंय म्हणत पासवर्ड मागितला, आणि आयुष्यात एकदाच आप्पांनी तो फोनवर सांगून टाकला. आपल्या मर्जीतल्या एका विद्यार्थ्यासाठी प्रमुखांनी त्या फोल्डरमधली माझ्या प्रबंधाची प्रकरणं उघडून बघितली होती. आवाज आणि नावं मात्र कुलपात राहिली. पासवर्ड चोरीला गेला, एवढं आप्पा म्हणाले असते तरी सुटले असते. त्यांनी लिहून दिलं, 'तो मीच दिला.'

प्रमुखांना समज देऊन सोडण्यात आलं. आप्पांचं कंत्राट पुढं चालू ठेवलं गेलं नाही.

पदवी मिळाल्यावर मी प्रबंधाची प्रत घेऊन जांबोटीला गेले. बस चुकली म्हणून शेवटचे काही मैल चालतच गेले. आप्पा गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होते. चहा झाल्यावर मी एका दमात सांगून टाकलं, "आप्पा, तो अर्ज माझा होता."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "पहिल्या दिवशीच कळलं. आठवड्याला नोंद बघणारी तू एकटीच. बाकी कोण बघतंय?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. लई आला. आठ दिवस घास गेला न्हाय घशाखाली. इच्चारायचं तरी होतंस, असं वाटायचं." त्यांनी कप बाजूला ठेवला. "पण माझ्यावर विश्वास ठेवायचा न्हाय, हे मीच शिकवल्यालं. आणि अर्जात खोटं काय न्हवतं."

मग त्यांनी विचारलं, "त्या बायकांस्नी सांगितलंस का गं, फोल्डर कुणीतरी उघडलं होतं म्हणून?"

"त्यांचं काही बाहेर गेलं नाही, आप्पा. कुलूप होतं ना."

"ते तुला ठाऊक. त्यांस्नी?"

पुढच्या रविवारी मी निपाणीला बारा घरं फिरले. अकरा जणींनी ऐकून घेतलं आणि राहू दे म्हणाल्या. बारावी आक्का, सगळ्यात थोरली, हातातलं काम बाजूला ठेवून माझ्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "माझं काढून टाक. माझ्यासमोर."

विद्यापीठातलं माझं खातं अजून चालू होतं. मी लॅपटॉप उघडला आणि आप्पांना फोन लावला. सर्व्हरवरून, बॅकअपमधून, माझ्या डिस्कवरून, एकेका जागेवरून ते कसं काढायचं हे ते सांगत गेले. जांबोटीच्या डोंगरात आवाज तुटत होता. तुटला की ते परत फोन लावत आणि पहिल्यापासून सांगत. तासाभरानं मी म्हटलं, "झालं, आक्का."

आक्कानं माझ्या हातातून फोन घेतला. "गेलं का हो खरंच?" तिनं विचारलं.

"मी सांगतोय म्हणून मानू नका, आक्का," पलीकडून आप्पा म्हणाले. "तुमचं नाव घालून तिला परत हुडकायला लावा. तुम्ही सोता बघा."

आक्काला वाचता येत नव्हतं. मी तिचं नाव टाइप केलं आणि तिचं बोट एकेका अक्षरावरून फिरवत तिला ते दाखवलं. मग शोधायला लावलं. एक जागा झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. कुठंच काही आलं नाही. आक्का त्या रिकाम्या पडद्याकडे बघत राहिली. फोनवर आप्पा थांबून होते.

"न्हाय दिसत," शेवटी ती त्यांना म्हणाली, आणि पदरानं फोन पुसून तिनं तो माझ्या हातात दिला.