उजवा कान

कवळीवाले काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, काका त्यावरून कवळ्या बनवतात. पूर्वी ते लॅबमध्ये जात. सहा वर्षांपूर्वी त्यांची आई न्हाणीघरात पडली आणि अंथरुणाला खिळली. तेव्हापासून काम घरी आलं. पुढच्या खोलीत टेबल, प्लॅस्टरचे जबडे, मेण, दात घासायची छोटी मोटर. उजवीकडच्या दाराआड आई.

आई दिवसातून चाळीस वेळा हाक मारते. पाणी, कूस, पंखा, कधी नुसतीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. सांभाळायला बायका ठेवून पाहिल्या. तिसरी सोडून गेली तेव्हा काका म्हणाले, "आता मीच बाई."

काम करताना ते जॅझ ऐकतात. हेडफोनची डावी वाटी कानावर, उजवी कानामागे. उजवा कान आईचा.

साहित्याची पदवी घेऊन मी वर्षभर घरीच आहे. दुपारी काकांकडे जाऊन बसतो.

"कोण आलंय रे, बाबू?" आतून आवाज येतो.

"खालचा," काका सांगतात.

"तो कविता करणारा?"

"करत नाही. वाचतो फक्त."

"म्हणजे तेवढंही जमत नाही."

यंदा एका तरुण सॅक्सोफोनवाल्याचा अल्बम आला. काकांनी पंधरा दिवस दुसरं काही लावलं नाही. मग एका दुपारी मोटर बंद करून म्हणाले, "हा गडी एकटा वाजवतो. दोन वाक्यं बोलतो नि थांबतो. समोरून उत्तर येईल म्हणून. येत नाही. मग पुन्हा बोलतो. इतकी वाट पाहायची आणि तरी चिडायचं नाही, असं मी पहिल्यांदाच ऐकलं."

माझ्या अंगावर काटा आला. मी तिथल्या तिथे ते टाइप केलं आणि अल्बमच्या पानावर श्रोत्यांच्या मतांमध्ये काकांच्या नावाने टाकलं. अल्बम मी ऐकला नव्हता. ऐकावा असं सुचलंही नाही. मला शब्द पुरले.

चार दिवसांत तीनशे जणांना ते मत आवडलं. एका बाईंनी लिहिलं, त्या शांततेत मला माझं घर दिसलं. एकाने थांबण्याच्या तत्त्वज्ञानावर सहा परिच्छेद पाडले. काका जबड्यावर मेण चढवता चढवता विचारायचे, "आज किती?" आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांचं काहीतरी वाचत होते.

पाचव्या दिवशी कुणीतरी लिहिलं, "साहेब, उत्तर येतंय की. पियानो उजव्या बाजूला आहे. त्या कानात बोळा घातलाय का?"

मग रांगच लागली. "पियानोवाल्याला जिवंत गाडलंत." "कान भाड्याने आणलेत वाटतं." सहा परिच्छेदवाल्याने आपले सहाही गुपचूप काढून घेतले.

मी खाली येऊन अल्बम ऐकला. दोघं वाजवत होते. सॅक्सोफोन डावीकडे, पियानो उजवीकडे. सॅक्सोफोन थांबला की पियानो बोलत होता. दर वेळी. आणि मी वर्षभर ती कानामागची वाटी समोर बसून बघत होतो.

काकांनी सगळं वाचलं. "म्हणजे खोटं लिहिलं मी?"

"चुकून, काका."

"मत ठेवायचं की काढायचं, ते ऐकून ठरवू. दोन्ही कानांनी. एक्केचाळीस मिनिटांचं काम आहे. तू आईजवळ बस."

मी आत जाऊन दार लावलं.

"बाबू काय करतोय?"

"गाणं ऐकतायत. दोन्ही कानांनी."

आजींनी मान दाराकडे वळवली. "मग ऐकू दे. मी नाही बोलत."

खरंच बोलल्या नाहीत. ठसका आला तेव्हा त्यांनी चादर तोंडावर दाबून धरली.

नऊ मिनिटांनी दार उघडलं. "आई, हाक मारलीस?"

"नाही."

दार लागलं. पाच मिनिटांनी पुन्हा. "बोलावलंस ना?"

"नाही रे."

तिसऱ्यांदा आले तेव्हा हेडफोन मानेत होता. "आत्ता स्पष्ट ऐकलं मी. बाबू म्हणालीस."

"मेल्या, घसा आवळून पडलेय मी तुझ्यासाठी!"

"काका, खरंच नाही मारली," मी म्हणालो.

ते चौकटीला टेकले. "तो पियानो वाजला की वाटतं तू बोलावतेयस," ते आईला म्हणाले. "प्रत्येक वेळी. सूर म्हणून ऐकूच येत नाही." मग माझ्याकडे वळले. "काढून टाक ते मत."

"पण काका, तीनशे लोकांना..."

"काढ."

मी काढलं. मतांच्या यादीत त्या जागी आता दुसऱ्याचं मत होतं.

आजी छताकडे बघत होत्या. "झालं का ऐकून?"

"झालं."

"मग आता हाक मारली तर चालेल?"

काका त्यांच्यापासून चार पावलांवर उभे होते. "मार," ते म्हणाले.

"बाबू, लघवीचं भांडं दे. मघापासून धरून ठेवलंय."

काका आत आले. मी बाहेर गेलो.