घाटमाथ्यावरचा दगड

टेबल पुसताना कागदांवरचा काळा दगड हातात आला की सांगलीच्या उन्हातही मला धुक्याचा गारवा जाणवतो. मेढ्याकडून कोकणात उतरणारी, मिठाच्या बैलांची जुनी वाट शोधायला मी एकटीच निघाले होते आणि घाटमाथ्यावर चुकले. पुढं सगळं पांढरं, पायाखालचं गवतही दिसेना. मग ओल्या लोकरीचा उबट वास आला, घंटा किणकिणल्या आणि माण तालुक्याकडचा एक म्हातारा मेंढरं घेऊन धुक्यातून निघाला. "माझ्या मागनं या, बाई," एवढंच म्हणाला. थोडं चालल्यावर कमरेएवढी दगडांची रास लागली. ही त्या मिठाच्या बैलांच्या तांड्यांचीच खूण असणार, या आनंदात मी तिच्यातला एक दगड हळूच पिशवीत टाकला. तेवढ्यात त्यानं वाटेतला एक दगड उचलून कपाळाला लावला आणि राशीवर ठेवला. "मिठाची बैलं नेणारी माणसं ठेवायची, आमी बी ठेवतो. मागनं येणाऱ्याला वाट गावावी म्हणून. तुमी बी ठेवा एक." माझा हात पिशवीत गेला, पण लाजेनं तो दगड काही बाहेर निघाला नाही. इतकी वर्षं तो इथं माझे कागद सांभाळतोय, आणि तिथं धुक्यात ती रास माझ्यामुळं एका दगडानं बुटकी आहे.