वेशीतला केर

जुन्या वेशीच्या कमानीखाली मावशींनी सव्वीस वर्षं केर काढला. वेशीचं संग्रहालय करायचं ठरलं तेव्हा त्यांना तिथेच ठेवलं, आणि मांडलेल्या वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहायला मला बोलावलं.

उद्घाटन दोन दिवसांवर आलं. वेशीचं दार कित्येक वर्षं उघडंच होतं. आता कुलूप लावायला ते लोटावं, तर डावी फळी हलेना. तिचा खालचा खुंट दगडातल्या खळग्यात फिरतो, तो तिथेच रुजून बसला होता. सहा जणांनी खांदा लावला. फळी ढिम्म. शेवटी संग्रहालयाचे साहेब सुताराला म्हणाले, "खुंटापासून कापा. नव्या बिजागऱ्यांवर टांगू."

मावशी ते दार रोज पुसत. एकेका खिळ्याशी त्यांची ओळख होती. बोलल्या तर नोकरीवर गदा, गप्प राहिल्या तर दाराला करवत. सुतारानं करवत उचलली आणि त्या पुढे झाल्या.

"कापू नका साहेब. दाराची चूक नाही, माझी आहे."

"तुमची?"

"कचरापेटी पार त्या टोकाला. रोजचा शेवटचा मूठभर केर मी त्या खळग्यात सारायचे."

सुतार म्हणाला, "मावशी, सहा गड्यांना भारी पडलात की."

"दात काढू नकोस. सळई दे आणि सरक. घातला मी, काढीनही मीच."

साहेबांनी सुताराला थांबायची खूण केली. मावशींनी फतकल मारली. पाणी शिंपडत, टोकरत, दुपारपर्यंत तीन घमेली केर काढला. त्यात गोट्या, बटणं, पाटीवरच्या पेन्सिलींचे तुकडे, सायकलची घंटी, एक चष्म्याची काडी. मग खळग्यात तेल ओतलं, पदर खोचला आणि एकटीनं खांदा लावला. फळी कुरकुरली आणि झोपेत कूस बदलावी तशी सावकाश वळली. सुतारानं करवत पिशवीत घातली.

साहेब घमेल्यांपाशी वाकून कितीतरी वेळ पाहत राहिले. "हे टाकायचं नाही," ते म्हणाले.

तो केर आज पहिल्याच काचेच्या कपाटात आहे. चिठ्ठी माझ्या हातची: "वेशीतून गेलेल्यांच्या वस्तू. संग्रह: मावशी, सफाई कामगार."

उद्घाटनाला त्यांची सून आली होती. चिठ्ठी वाचून म्हणाली, "आई, घरी कोपऱ्यात चिमूटभर राहिला तर माझा उद्धार करता. आणि इथे?"

"तुझा केर अजून कोवळा आहे," मावशी म्हणाल्या, आणि उठून त्यांनी वेशीचं दार लावलं. एका हातानं.